सहाच्या खुणेखाली

भाच्याने तो प्रश्न जेवताना विचारला आणि मी वरणभातावर लिंबू पिळण्याचे निमित्त करून काही क्षण मान वर केली नाही. "मामा, तुम्हाला माहीत होतं का?" एवढाच प्रश्न होता. ताटाशेजारी त्याने मोबाइल ठेवला होता आणि पडद्यावर त्याच्याच मनगटावरच्या घड्याळाचे छायाचित्र होते, निदान पहिल्या नजरेला तसे वाटत होते: तीच गडद निळी डायल, तेच टोकाशी निमुळते होणारे काटे, तीनच्या जागी तारखेची तीच चौकट. खाली मात्र लिहिले होते की या मॉडेलमध्ये आता कंपनीचे नवे मशीन बसवले आहे आणि एकदा पूर्ण चावी भरली की ते जवळजवळ तीन दिवस चालते. भाच्याचे घड्याळ ४२ तासांचे आहे, आणि ते घेऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. "नक्की असं माहीत नव्हतं," मी म्हणालो. त्याने मान हलवली, मोबाइल पालथा ठेवला आणि मामीकडे आणखी एक पोळी मागितली. त्याच्यापुरता विषय तिथेच संपला.

'नक्की' हा शब्द मी तोलून वापरला होता, आणि तोच मला त्या दिवसापासून टोचतो आहे. मला माहीत होते. महिना आणि तारीख माहीत नव्हती, इतकेच. त्या स्विस कंपनीने हे मशीन दोन वर्षांपूर्वी प्रथम आपल्या सोन्याच्या एका मॉडेलमध्ये आणले, मग पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांसाठीच्या मोठ्या घड्याळात आणले, आणि या व्यवसायाची रीत ज्याला थोडीफार ठाऊक आहे त्याला पुढचा क्रम समजायला पंचांग उघडावे लागत नाही. निवृत्तीनंतर मी रोज रात्री तासभर घड्याळांविषयी वाचत बसतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच भाचा मला दुकानात बरोबर घेऊन गेला होता. नोकरीतल्या पहिल्या चार वर्षांच्या बचतीतून तो ते घेत होता. विक्रेत्याने हातमोजे घालून घड्याळ त्याच्या मनगटावर चढवले, पट्ट्याची कडी मिटल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि भाच्याने हात थोडा लांब धरून त्याकडे पाहिले. लहानपणी अनंत चतुर्दशीच्या रात्री, माझ्या खांद्यावर बसून, इंदूरच्या कापड मिल्सच्या मिरवणुकीतली पहिली दिव्यांची झांकी वळणावर दिसली की तो असाच पाहायचा. विक्रेत्याने नव्या मशीनचा विषय काढला नाही. तो चेहरा मावळेल असे वाक्य माझ्याही तोंडून निघाले नाही.

विक्रेत्याला माल विकायचा होता. मला तर काहीच विकायचे नव्हते.

घड्याळाच्या आतल्या यंत्राला पुस्तकांत मूव्हमेंट म्हणतात, कंपन्या कॅलिबर म्हणतात. आपल्याकडे दुरुस्तीच्या टेबलावर त्याला मशीन म्हणतात आणि मला तोच शब्द जवळचा वाटतो. नवे मशीन सिद्ध झाले की ते एकाच दिवशी सगळ्या मॉडेलांत जाऊन बसत असेल, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात ते एखाद्या नव्या सुनेसारखे एकेका खोलीत, एकेका माणसाशी ओळख करून घेत घरभर पसरते. रोलेक्सचे ३१३५ हे मशीन १९८८ मध्ये आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्या कंपनीचा कणा होऊन राहिले. त्याची जागा घेणारे ३२३५ हे २०१५ मध्ये आले ते पर्लमास्टर नावाच्या रत्नजडित घड्याळात, जे रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्या हातावर सहसा दिसणार नाही. त्याच वर्षी त्याचे भावंड, ३२५५, डे-डेट या मॉडेलमध्ये आले, आणि डे-डेट हे मॉडेल कंपनी सोन्यात आणि प्लॅटिनममध्येच बनवते. २०१६ मध्ये डेटजस्टची पाळी आली, २०१७ मध्ये सी-ड्वेलरची, २०१८ मध्ये जीएमटी-मास्टरची. घड्याळांशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही ज्याचे नाव ऐकून माहीत असते त्या सबमरीनरला मात्र सप्टेंबर २०२० पर्यंत थांबावे लागले, आणि एक्सप्लोररला त्याहून आणखी काही महिने. मिलगॉसची पाळी आलीच नाही. २०२३ मध्ये ते बंद झाले तेव्हाही त्याच्या पोटात जुन्याच पिढीचे मशीन होते.

म्हणजे पाच-सहा वर्षे एकाच कंपनीच्या एकाच काचेच्या कपाटात दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या. एक ४८ तास चालणारी आणि दुसरी ७० तास चालणारी. हा फरक कागदावर बावीस तासांचा दिसतो, पण माणसाच्या आठवड्यात तो नेमका शनिवार-रविवारवर येऊन पडतो: शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी बंद सापडेल की चालू, एवढा तो फरक आहे. त्यासाठी त्यांनी काय केले हे वाचताना मात्र माझ्यातला यंत्रांचा माणूस हरखून गेला. कमान, म्हणजे चावीने भरली जाणारी स्प्रिंग, जिच्यात गुंडाळलेली असते त्या डबीच्या भिंती पातळ करून त्याच जागेत अधिक लांबीची कमान बसवली, आणि चाकांची धाव रोखून ती ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या एस्केपमेंटचे दात आणि त्यांना अडवणारे माणकाचे बारीक खडे यांची मापे अशी बदलली की वाया जाणारी शक्ती कमी झाली. मशीनचा व्यास मात्र तोच ठेवला. बाहेरून कोणाला काही कळणार नाही, पण एक खूण आहे. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खुणेखाली, 'स्विस' आणि 'मेड' या दोन शब्दांच्या मध्ये, नव्या पिढीच्या डायलांवर एक चिमुकला मुकुट छापला जाऊ लागला. मी तो प्रथम पाहिला तो घड्याळे दुरुस्त करणाऱ्या नानांच्या भिंगातून, त्यांच्याकडे आलेल्या कोणा गिऱ्हाइकाच्या घड्याळात. वाळूच्या कणाएवढा होता. आधी मला त्या नाजूकपणाचे कौतुक वाटले आणि मग काहीसे अस्वस्थ वाटले. ज्याला ठाऊक आहे त्याच्याशीच तो मुकुट बोलतो.

नानांचे दुकान राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, मागे लाकडी खणांचे कपाट आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, बस. तिथे पेट्रोलचा, जुन्या चामड्याच्या पट्ट्यांचा आणि किंचित गंजाचा असा एक वास येतो, जो मला लहानपणापासून ओळखीचा आहे, कारण वडिलांचे घड्याळ नानांच्या वडिलांकडे असायचे. टेबलावर काचेची छोटी झाकणे उपडी घातलेली असतात आणि प्रत्येक झाकणाखाली कोणाचे तरी उघडे पडलेले घड्याळ असते. इंदूरच्या भर वैशाखातही नाना पंखा लावत नाहीत, कारण एका झुळकीने तासाभराचे काम उडून जाते. मी भाच्याचे घड्याळ 'एकदा वेळ तपासून बघा' असे सांगून त्यांच्याकडे नेले. खरे कारण मी सांगितले नाही, पण नानांनी मागचे झाकण फिरवून काढले, डोळ्याला भिंग लावले आणि क्षणात म्हणाले, "अरे, ही तर ओळखीची मंडळी." मशीन ईटाचे होते, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या त्या कारखान्याचे, ज्याची मशीन वर्षानुवर्षे कितीतरी नामांकित कंपन्या विकत घेऊन आपल्या डायलखाली बसवत आल्या.

नव्या मशीनांचा हा आजचा पूर ज्या वळणावर सुरू झाला, ते वळणही याच कारखान्याशी जोडलेले आहे. ईटा ही स्वॉच समूहाची, आणि २००२ मध्ये त्या समूहाने जाहीर केले की बाहेरच्या कंपन्यांना अर्धवट जुळवलेली मशीन पुरवणे आपण टप्प्याटप्प्याने थांबवणार. तिथल्या स्पर्धा आयोगाने मध्ये पडून मुदत वाढवली खरी, पण इतरांना जे समजायचे ते समजले: शेजाऱ्याच्या विहिरीवर किती दिवस पाणी भरायचे? मग ज्याला त्याला स्वतःचे मशीन हवे झाले. ट्यूडरने आपले पहिले स्वतःचे मशीन २०१५ मध्ये नॉर्थ फ्लॅग नावाच्या नव्याच घड्याळात बसवले, त्याच वर्षी पेलागोसमध्ये नेले, आणि लोकांच्या सर्वांत आवडत्या ब्लॅक बेला ते पुढच्या वर्षी दिले. ज्या नॉर्थ फ्लॅगने पहिली जोखीम अंगावर घेतली ते २०२१ मध्ये बंदही झाले. ब्लॅक बे मात्र नव्या मशीनने थोडे जाड झाले, त्याच्या डायलवरचा गुलाब गेला आणि तिथे ढाल आली. आजही असे शौकीन आहेत जे गुलाबाचे, ईटाच्या मशीनचे जुने ब्लॅक बे शोधत फिरतात. त्यांना नवे मशीन अधिक चांगले आहे हे माहीत असते. तरीही ते फिरतात, आणि मला ते समजू शकते.

"याची दुखणी मला पाठ आहेत," नाना म्हणाले. "तेल कुठे आधी सुकतं, कुठलं चाक आधी झिजतं, सगळं. बालकमानी जरा वाकली तर चिमट्यानं सरळ करून देईन. नवीनमध्ये ती सिलिकॉनची असेल तर हात लावणार नाही. सिलिकॉन वाकत नाही, तुटतं. मग कंपनीकडून नवी मागवायची, आणि कंपनी आपल्याला कशाला देते?" ते तक्रार करत नव्हते, समोरच्या पात्यावरचा तेलाचा थेंब सुईच्या टोकावर उचलत ते अगदी साधेपणाने बोलत होते. बालकमानी म्हणजे घड्याळाचा ठोका राखणारी केसासारखी बारीक कमान; ती सिलिकॉनची असली की तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही, हा त्या पदार्थाचा मोठाच गुण आहे, आणि मोबाइल, स्पीकर, पर्सची चुंबकी बटणे यांच्या या काळात तो खरोखर उपयोगी आहे. पण गुणाची दुसरी बाजू नानांच्या त्या टेबलावर उमटते. त्या टेबलावर बसल्यावर मला हेही उमगले की कंपन्या हा बदल इतका हळू का करतात. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे देखभाल विभागात काढली. नव्या बनावटीचा गिअरबॉक्स आला तर आम्ही तो सगळ्या लाइनींवर एकदम कधीच चढवला नाही. एका यंत्रावर लावायचा, सहा महिने कान देऊन ऐकायचे, सुटे भाग साठवायचे, पोरांचे हात त्यावर बसू द्यायचे. दिवाळीत चकलीच्या पिठाचा अंदाज घ्यायला घरातली बाई आधी एकच चकली तळून पाहते, तेच हे. सोन्याच्या मॉडेलची वर्षाकाठी घडणारी संख्या लहान असते, त्यात काही चुकले तर परत बोलावायची घड्याळेही थोडी, आणि नव्या मशीनच्या घडणीचा वाढीव खर्च त्या किमतीत सहज मावतो.

वडिलांना हे सारे ऐकून नवल वाटले असते. ते मिलमध्ये टाइमकीपर होते आणि त्यांच्याकडे एचएमटीचे 'जनता' हे घड्याळ होते. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे मुंजीला, लग्नाला, निवृत्तीला घड्याळ म्हणजे एचएमटी असे समीकरण होते. वडील आंघोळ करून, देवाला नमस्कार करण्याच्या आधी, उघड्या अंगाने खिडकीशी उभे राहत आणि चावी देत. तो कुरकुर असा बारीक आवाज, आणि शेवटी बोटांना ताण जाणवला की थांबणे, हा आमच्या घरातला सकाळचा पहिला विधी होता. मग रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकायचे, काटा जुळवायचा आणि सायकल बाहेर काढायची. मिलचा भोंगा झाला की ते मनगटाकडे पाहत, जणू भोंगाच घड्याळाशी जुळतो की नाही हे त्यांना तपासायचे होते. त्या काळी एचएमटीच्या हातचावीच्या कितीतरी मॉडेलांत मशीन जवळजवळ एकच असे. डायल वेगळी, काटे वेगळे, नाव वेगळे, आत तीच १७ खड्यांची यंत्रणा. एका मशीनला पुष्कळ चेहरे होते. आज मी ज्याने अस्वस्थ आहे ते बरोबर याच्या उलट आहे: चेहरा एक आणि मशीन दोन. आमच्या शेजाऱ्यांच्या महागड्या मॉडेलमध्ये आणि आपल्या जनतामध्ये आत काही फरक नाही, हे वडील मोठ्या समाधानाने सांगत असत. दुकानदाराने त्यांना ते आधीच सांगितले होते.

राजवाड्याच्या चौकात नानांच्या दुकानातून बाहेर पडले की तो दर्शनी भाग समोर येतो, खालचे दगडी मजले आणि वरचे लाकडी, सगळे मिळून सात. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग जळाला आणि अनेक वर्षांनी तो पुन्हा बांधला गेला. पोहे खाता खाता मान वर करून पाहणाऱ्या पर्यटकाला हे दिसत नाही. आम्हा इंदूरकरांना मात्र माहीत असते की मागे नवे आहे, आणि त्याचा आम्हाला कधी राग आला नाही, कारण ते कोणी आमच्यापासून लपवले नव्हते.

चंद्राची गोष्टही मला याच संदर्भात आठवत राहते. ओमेगा कंपनीने आपल्या स्पीडमास्टर या घड्याळातले ३२१ हे मशीन १९६८ मध्ये बदलून ८६१ आणले. नवे मशीन अधिक वेगाने ठोके देणारे आणि बनवायला सोपे होते. जुन्यातले कॉलम व्हील नावाचे, किल्ल्याच्या बुरुजासारखे दिसणारे चाक जाऊन त्याजागी साधी सरकती पट्टी आली. म्हणजे जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ चंद्राकडे निघाले तेव्हा, पृथ्वीवरच्या दुकानांत नवे मशीन विकायला आलेले होते आणि चांद्रवीरांच्या मनगटांवर मात्र जुनेच होते. आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ यानात ठेवले, कारण यानातले वेळमापक बंद पडले होते, आणि ऑल्ड्रिन आपले घालून खाली उतरले. ज्या मशीनने चंद्रावरची वेळ मोजली ते बाजाराच्या हिशेबात कालबाह्य होते, हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ गच्चीत बसलो होतो. पुढे त्याच घराण्याचे मशीन अर्धशतकभर थोड्याफार सुधारणांनी चालले आणि २०२१ मध्ये मूनवॉच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पीडमास्टरच्या नेहमीच्या मॉडेलला ३८६१ हे मशीन मिळाले, सिलिकॉनच्या बालकमानीचे आणि १५,००० गॉसचे चुंबकत्व सोसणारे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी कंपनीने ३२१ पुन्हा बनवायला घेतल्याचे जाहीर केले होते, आणि आज ते जुन्या घडणीचे मशीन असलेले स्टीलचे घड्याळ नव्या मशीनच्या घड्याळाहून कितीतरी महाग आहे. भाच्याला हे सांगावे असे मला अनेकदा वाटले. सांगितले नाही, कारण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते आणि मी ते सांत्वन म्हणून वापरले असते.

नवे मशीन आणण्यात एक धाडस असते हेही मी विसरू इच्छित नाही. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजींनी सत्तरच्या दशकात को-ॲक्सियल एस्केपमेंट शोधून काढली, जिच्यात धातूवर खडा घासण्याऐवजी ढकलतो आणि म्हणून तेलावरचे अवलंबन कमी होते. अडीचशे वर्षे घड्याळे ज्या लिव्हर एस्केपमेंटवर चालत आली, तिला त्यांनी एकट्याने पर्याय दिला, आणि तो घेऊन ते वर्षानुवर्षे स्विस कंपन्यांची दारे ठोठावत राहिले. शेवटी ओमेगाने तो १९९९ मध्ये स्वीकारला. तेव्हाही सुरुवात स्पीडमास्टर किंवा सीमास्टरने झाली नाही. डे व्हिल या शांत, दिवाणखान्यात शोभणाऱ्या घराण्यातल्या मर्यादित संख्येच्या घड्याळात, ईटाच्याच पायावर उभारलेल्या २५०० या मशीनमधून तो बाहेर आला. पुढे त्याच मशीनचा वेग ताशी २८,८०० ठोक्यांवरून २५,२०० वर आणावा लागला. या एस्केपमेंटसाठीच मुळापासून रचलेले ८५०० हे मशीन यायला २००७ उजाडले, आणि तेही आधी डे व्हिलमध्येच. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी ती पहिली घड्याळे घेतली, त्यांच्या मनगटांवर ते शिकणे घडले. जुने मशीन घेणारा मागे राहिला असे म्हणतात, पण नवे मशीन पहिल्यांदा घेणारा माणूस स्वतःच्या पैशांनी कंपनीची परीक्षा देत असतो, हे कोणी फारसे बोलत नाही.

मग मला नेमके काय खुपते? साध्या बॅटरीचे पाचशे रुपयांचे घड्याळ या सगळ्यांपेक्षा अचूक वेळ दाखवते, तेव्हा वेळेचा प्रश्न इथे नाहीच. कमान, चाके आणि खडे यांवर चालणाऱ्या वस्तूसाठी माणूस लाखो रुपये देतो तेव्हा तो आत काय आहे याचे पैसे देत असतो. आतले नसते तर बाहेरचे पुष्कळ स्वस्तात मिळते. आणि नेमके तेच, ज्याचे पैसे दिले, ते विकताना न सांगण्याची रीत आहे. कंपन्यांची अडचण मला दिसते. पाच वर्षांचा क्रम आधी जाहीर केला तर पाच वर्षे जुन्या मॉडेलला कोण हात लावील, दुकानांत पडलेल्या मालाचे काय होईल, हे मी समजू शकतो. पण दुकानातल्या माणसाने इतके तरी म्हणावे की आत अमुक मशीन आहे, ते इतकी वर्षे चालत आले आहे, कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलांत नवे आलेले आहे, तुमची थांबायची तयारी असेल तर थांबा. असे ऐकूनही पुष्कळ लोक जुनेच घेतील. नाना घेतील. कदाचित मीही घेईन. फक्त ते आम्ही निवडलेले असेल.

नानांनी घड्याळ परत देताना सांगितले होते की एकदा पूर्ण चावी भरून टेबलावर नुसते ठेवा, हातावर घालू नका, आणि किती तास चालते ते लिहून ठेवा. त्यावरून कमानीची प्रकृती कळते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी चावी भरली आणि घड्याळ माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, एका मऊ फडक्यावर, उताणे ठेवले. दोन रात्री दिवा मालवल्यावर मला त्याचा आवाज येत राहिला. रविवारी भाचा जेवायला आला. दुपारी एक वाजता ४२ तास पूर्ण झाले तेव्हा आम्ही ताक पीत होतो, आणि ते चालूच होते. जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघे खुर्च्या ओढून त्याच्यासमोर बसलो. भाच्याने कान जवळ नेला आणि म्हणाला, आवाज बारीक झालाय. सेकंदाचा काटा मात्र मंदावला नव्हता. तो आपल्या चालीने पुढे जात होता.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "तारीख माहीत नव्हती, पण येणार हे माहीत होतं. दुकानात सांगायला हवं होतं."

त्याने डोळे घड्याळावरून काढले नाहीत. "सांगितलं असतं तर थांबलो असतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती. स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज येत होता, खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली, आणि आम्ही तसेच बसून राहिलो. तीन वाजून बारा मिनिटांनी काटा आठच्या खुणेच्या थोडा अलीकडे थांबला. भाच्याने कागदावर वेळ लिहिली, वजाबाकी केली: ४४ तास १२ मिनिटे. मग त्याने घड्याळ उचलून तळहातावर घेतले आणि चावी दोन बोटांत धरली.

"किती वेळा फिरवू?"

वडिलांच्या जनताला चावी भरली की बोटांना कळत असे. या ऑटोमॅटिक मशीनमध्ये कमान भरल्यावर ती आतल्या आत सरकते आणि ताण जाणवत नाही, म्हणून मोजावे लागते. "तीसेक," मी म्हणालो. तो ओठांतल्या ओठांत मोजू लागला. सातव्या की आठव्या वळणाला काटा हलला, पण त्याने मोजणे थांबवले नाही.